पातालपानीचा घाट ८ बाय ४ च्या प्लायवर: रूळ चढवू नका, जमीन उतरवा

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरला गच्चीवरच्या खोलीत ८ बाय ४ फुटांचा अखंड प्लाय चार पायांवर टाकून त्यावर एचओ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकाराच्या मॉडेल रेल्वेचा, लेआउट केला आहे. विषय इंदूरजवळचा पातालपानी–कालाकुंडचा रेल्वेघाट. रूळ सुरुवातीच्या सेटमधले, वळणांची त्रिज्या ४५७ मि.मी. मांडणी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. गाडी स्वतःच्याच रुळावरून पुलाने पार व्हावी म्हणून ९० मि.मी. चढ दिला आहे. आता चार डबे लावले की इंजिन चढावर जागच्या जागी चाकं फिरवतं, इंजिनामागचा डबा वळणावर आतल्या बाजूला कलंडतो, आणि पावसाळ्यानंतर प्लायला मधोमध झोळ आला आहे. विचारलंय की जास्त ताकदीचं इंजिन घ्यावं का.

माझं उत्तर: इंजिन घेऊ नका, आधी चढ काढा. हे तिन्ही त्रास एकमेकांत अडकलेले आहेत आणि मूळ आराखड्यात आहे.

हिशोब करून पाहू. ८ बाय ४ वर ४५७ ची आठच्या आकड्याची मांडणी साधारण सव्वासहा मीटर लांब होते. म्हणजे खालच्या छेदापासून वरच्या पुलापर्यंत चढायला तीन मीटरच्या आसपास जागा मिळते. त्यातही सुरुवातीला आणि पुलाजवळ रूळ हळूहळू वाकवून सपाट करावा लागतो, नाहीतर कपलिंग सुटतात. उरलेल्या लांबीत ९० मि.मी. चढायचं तर चढ साडेतीन टक्क्यांवर जातो. खऱ्या घाटाचा चढ ४० ला १, म्हणजे अडीच टक्के. तिथेही कालाकुंडहून वर येणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिन लावावं लागायचं. तुम्ही खऱ्या घाटापेक्षा अवघड घाट केला आहे, आणि तोही वळणावर.

वळणाचं ओझं बहुतेकजण धरतच नाहीत. एचओसाठी एक अंदाजी सूत्र आहे: ८१३ ला मि.मी. मधल्या त्रिज्येने भागा, येईल तितके टक्के चढ वाढला असं समजा. ४५७ च्या वळणाला ते १.८ येतं. म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने तुमचा चढ ५.३ टक्के आहे. इंजिन ३०० ग्रॅमचं आणि सगळी चाकं ओढणारी धरली, तर त्याची ओढ वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी, ६० ग्रॅम. १५० ग्रॅमचे चार डबे आणि इंजिन मिळून ९०० ग्रॅम, त्याचे ५.३ टक्के म्हणजे ४८ ग्रॅम. डब्यांच्या आसांच्या घर्षणाला ६०० ग्रॅमचे साधारण तीन टक्के, म्हणजे १८. एकूण ६६. सहा ग्रॅम कमी पडतात म्हणून चाकं घसरतात. सुरुवातीच्या सेटमधलं इंजिन बहुधा याहून हलकं असतं आणि कित्येकदा त्याच्या एकाच बोगीला, म्हणजे खालच्या चाकांच्या एकाच संचाला, मोटरची गती मिळते, तेव्हा प्रत्यक्षात तूट याहून मोठी असणार.

इंजिनामागचा डबा आत कलंडतो तेही यातूनच. मागे ओझं जड, पुढे इंजिन ओढतंय, मधला हलका डबा वळणाची दोरी ताणून सरळ करायला बघतो आणि आतल्या रुळावर पडतो. इथे एक खूण लक्षात ठेवा: डबा आत पडला तर दोष ताणाचा किंवा हलक्या वजनाचा, चाक बाहेरच्या रुळावर चढून डबा बाहेर पडला तर दोष रुळाचा किंवा चाकाचा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. घसरलेली गाडी लगेच उचलू नका, आधी वाकून नीट बघा कुठल्या बाजूला गेली आहे.

आता आराखडा. घाट डोळ्याला कशामुळे जाणवतो? गाडी किती चढली यामुळे नाही. रुळाच्या खाली दरी किती आहे यामुळे. पातालपानीला खिडकीतून बघणाऱ्याला ४० ला १ चा चढ कळत नाही, चोरल नदीची खोल दरी कळते. म्हणून रूळ जवळपास एका पातळीत ठेवा आणि पुढच्या कडेला जमीन २०० ते २२० मि.मी. खाली न्या. एचओत तेवढं अंतर म्हणजे खऱ्या मापात १७ ते १९ मीटर; एवढ्यात पूल उंच वाटतो, बाकीची उंची मागच्या डोंगराने भागते. आठचा आकडा सोडा आणि साधं लांबट वर्तुळ घ्या. लांबीच्या मधोमध डोंगराची रांग उभी करा, म्हणजे एका बाजूने घाट आणि धबधबा दिसेल, दुसऱ्या बाजूने कालाकुंड स्टेशन. दोन्ही बाजू एकाच वेळी दिसत नाहीत, त्यामुळे गाडी गोल फिरते आहे हे बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

चढ अगदीच नको असं मी म्हणत नाही. स्टेशनच्या बाजूकडून घाटाच्या टोकापर्यंत अडीच मीटरमध्ये २५ मि.मी. चढवा, म्हणजे एक टक्का, आणि तेवढंच दुसरीकडून उतरवा. त्रिज्या ४५७ ऐवजी ५३० करा. फ्लेक्स ट्रॅकने, म्हणजे हवा तसा वाकवता येणाऱ्या रुळाने, ते जमतं आणि प्लायच्या कडेपर्यंत ८० मि.मी. उरतात. ५५९ सुद्धा बसते, पण मग रूळ कडेपासून ५० मि.मी. वर येतो आणि घसरलेलं इंजिन थेट फरशीवर जातं. आता तोच हिशोब: एक टक्का चढ, दीड टक्का वळण, ९०० ग्रॅमला साडेबावीस, घर्षणाचे १८, एकूण ४०. तेच ३०० ग्रॅमचं इंजिन तेच चार डबे आरामात नेईल.

चढ मोजायला एक मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, तिच्या एका टोकाखाली १० मि.मी. जाडीचा ठोकळा चिकटवा आणि वर पाणसळ ठेवा. ठोकळ्याचं टोक उताराकडे ठेवून बुडबुडा मध्ये आला की चढ बरोबर एक टक्का. नुसत्या नजरेवर जाऊ नका. जोडावर दोन मि.मी. चा उंचवटा डोळ्याला दिसत नाही, पण इंजिनाचं एक चाक तिथे रुळावरून उचललं जातं आणि वीज तुटते.

प्लायला झोळ येण्याचं कारण आधार कमी आणि कडा उघड्या. १२ मि.मी. चा प्लाय चार पायांवर टिकत नाही. दर ४०० मि.मी. वर खालून आधार हवा. अखंड प्लाय तुम्हाला तसाही नको, कारण त्यात दरी खोदता येत नाही. जुना प्लाय वाया जाणार नाही: त्यातून ८० मि.मी. रुंदीच्या पट्ट्या रुळाच्या आकारात कापा, सांध्याखाली २०० मि.मी. लांबीचा तुकडा स्क्रू आणि फेव्हिकॉलने लावा. कापलेल्या कडांसह दोन्ही बाजूंना ऑइल प्रायमरचे दोन हात द्या. एकाच बाजूला रंग दिला तर प्लाय त्या बाजूने वाकतो, हे हमखास होतं.

सांगाड्यासाठी माझी पसंती छिद्रांच्या लोखंडी अँगलला आहे, ज्याचे रॅक दुकानात लावतात तोच. इंदूरच्या सियागंज बाजारात सहज मिळतो, हवेने वाकत नाही, नटबोल्टने जुळतो. दोन स्वतंत्र ४ बाय ४ च्या चौकटी करा आणि ८ मि.मी. च्या बोल्टने जोडा. अखंड ८ बाय ४ गच्चीच्या जिन्यातून पुढे कधी खाली उतरवता येत नाही. पायांना खाली बोल्ट लावा म्हणजे गच्चीच्या उतारावर पातळी जुळवता येईल. रूळ जमिनीपासून १०५० ते ११०० मि.मी. वर ठेवा. उभ्या माणसाला गाडी फार उंचावरून नाही, किंचितच वरून दिसली की ती खरी वाटते. खोलीत चारही बाजूंनी फिरायला जागा आहे की नाही यावर मात्र बरंच अवलंबून आहे. हात साधारण ७५० मि.मी. पर्यंतच पोहोचतो. लेआउट भिंतीला टेकवावा लागणार असेल तर ही मांडणी चालणार नाही. मग भिंतीलगत ६०० मि.मी. रुंदीची, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणारी लाइन करा आणि गोल फिरण्याचा हट्ट सोडा.

रुळाबद्दल. सेटमधल्या रुळाला काळा पाया असेल तर रूळ बहुधा स्टीलचे असतात. पावसाळ्यात गंजतात आणि वीज देत नाहीत. राखाडी पायाचे निकेल सिल्व्हरचे असतात. नव्याने घेताना निकेल सिल्व्हरचा फ्लेक्स ट्रॅक घ्या, एक पट्टी ९१४ मि.मी. ची येते, पावणेसहा मीटरच्या वर्तुळाला सात आणि स्टेशनच्या लूपसाठी (बाजूच्या दुसऱ्या लाइनसाठी) दोन-तीन. वळणावर सांधा येणार असेल तर दोन पट्ट्या सरळ ठेवून जोडा, दोन्ही जॉइनर (रूळ जोडणारे धातूचे तुकडे) सोल्डर करा आणि मग वाकवा. आधी वाकवून मग जोडलं तर सांध्यावर कोपरा राहतोच, आणि डबा बाहेर पडण्याची ती पहिली जागा.

सरळ भागातले सांधे मात्र सोल्डर करू नका. गच्चीवरची खोली जानेवारीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी यांच्यात ३० अंशांनी तरी बदलते. एवढ्या फरकाला एक मीटर रूळ सुमारे अर्धा मि.मी. वाढतो. थंडीत टाकताय तर प्रत्येक सांध्यात अर्धा मि.मी. फट ठेवा, म्हणजे व्हिजिटिंग कार्डापेक्षा थोडी जास्त. मेमध्ये टाकताय तर टोकाला टोक टेकवलं तरी चालेल. फट न ठेवता थंडीत टाकलेला रूळ उन्हाळ्यात स्लीपरसकट बाजूला सरकतो.

सांध्यावर विजेसाठी विसंबू नका. खाली दीड चौरस मि.मी. ची घरगुती वायर लाल आणि काळी अशी सगळ्या लांबीभर फिरवा आणि प्रत्येक पट्टीला स्वतंत्र बारीक वायर सोल्डर करा. महाराणी रोडवर हे सगळं सामान मिळतं. फ्लक्स रोझिनचा घ्या, ॲसिडचा नको. ॲसिड वर्षभरात वायर आतून खातं आणि दोष सापडत नाही. सोल्डर करताना दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर ओल्या कापसाचे बोळे ठेवा, प्लास्टिक वितळत नाही.

डब्यांची लांबी ही अवघड गोष्ट आहे. या घाटाची लाइन मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतराची. मीटरगेजचा प्रवासी डबा साधारण साडेएकोणीस मीटरचा, एचओत २२४ मि.मी. निर्धास्त चालण्यासाठी त्रिज्या डब्याच्या तिप्पट हवी, म्हणजे ६७० च्या वर. दुपटीला चालतो, पण कोपरे बाहेर लोंबतात आणि कपलिंग सैल लागतं. ५३० ला तुम्ही मध्ये पडता. माझा सल्ला, डबा १९० मि.मी. पर्यंत आखूड करा, दोन खिडक्या कमी. पाहणाऱ्याला कळत नाही आणि चार डब्यांच्या गाडीत १३६ मि.मी. वाचतात. वजनासाठी अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस चांगली आहे: २८ ग्रॅम अधिक प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम. १९० मि.मी. ला ते १३० ग्रॅमच्या आसपास येतं. लोखंडी नट जमिनीलगत, दोन बोगींच्या बरोबर वर चिकटवा. छतात वजन नको. एका बोगीचा स्क्रू असा आवळा की ती वळेल पण डुलणार नाही, दुसरी सैल सोडा. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने बघा, १४.४ ते १४.५ मि.मी. हवं, स्वस्त प्लास्टिकच्या चाकांत ते सरकलेलं असतं आणि पॉइंटवर (जिथे रूळ फुटून गाडी दुसऱ्या लाइनवर जाते तिथे) गाडी पडते.

एक गोष्ट स्पष्ट करतो. खऱ्या मीटरगेजला एचओत ११.५ मि.मी. चा रूळ लागेल आणि त्यासाठी १२ मि.मी. चा वेगळा ट्रॅक मिळतो. तुमचा सेट १६.५ मि.मी. चा आहे. तो टाकून देण्याची गरज नाही. रुळाच्या रुंदीपेक्षा आखूड डबे, खुजी गिट्टी, साधे सिग्नल यांनी मीटरगेजचं रूप जास्त येतं. पुढे काटेकोर व्हायचं ठरलं तर आराखडा तोच ठेवून रूळ बदलता येतो.

आता डोंगर, आणि इथे घाई करू नका. माळव्याच्या पठाराची कड ही लाव्हाच्या आडव्या थरांची आहे. त्यामुळे टोकदार शिखरं करू नका. वरचा माथा सपाट, मग उभा कडा, खाली मोडलेल्या दगडांचा उतार, पुन्हा एक पायरी. यासाठी १५ ते २० मि.मी. जाडीचे एक्सपीएस फोमचे (थर्मोकोलसारख्या पण दाट फोमचे) तक्ते एकावर एक रचा आणि कडा सुरीने कापू नका, हाताने तोडा. तुटलेली कड बेसाल्टसारखी खडबडीत येते. तिच्यावर उभ्या भेगा पाडा, पातळ पीओपीचा हात द्या. रंग काळा नाही, गडद करडा. त्यावर पाणी घातलेली काळी शाई भेगांत उतरू द्या, वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट करडा नुसता उंचवट्यांवर फिरवा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे वीटकरी लाल पट्टा दाखवा, तो खऱ्या कड्यांत असतो आणि त्याने सगळं एकदम इथलं वाटतं.

गिट्टी विकत घेऊ नका. खऱ्या रेल्वेची ६५ मि.मी. पर्यंतची खडी एचओत पाऊण मि.मी. होते. क्रशरची चुरी आणा, धुवा, वाळवा, चहाच्या गाळणीतून गाळा. जे खाली पडेल ते मैद्याच्या चाळणीत घाला. चाळणीत वर राहतं तेच बरोबर मापाचं. चाळणी जुनी घ्या, स्वयंपाकाची नको. आणि यानंतरची पायरी आपल्या भागात अत्यावश्यक आहे: बेसाल्टच्या चुरीत आणि काळ्या मातीत लोहचुंबकाला चिकटणारे कण असतात. स्पीकरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळ्या चुरीतून तीन-चारदा फिरवा; पिशवीवर काळी मिशी उगवल्यासारखी दिसेल. हे कण राहिले तर धावत्या इंजिनाच्या मोटरचा चुंबक ते खेचून घेतो आणि मोटर जाम होते. काळी माती वापरणार असाल तर आधी कढईत अर्धा तास भाजा, किडे आणि बुरशी जाते.

चिकटवताना खडी कोरडीच ब्रशने बसवा, स्लीपरच्या माथ्याच्या किंचित खाली. मग पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून फवारा, पूर्ण ओली झाल्यावर फेव्हिकॉल एकास तीन पाणी ड्रॉपरने सोडा. ओली न करता गोंद टाकला तर खडी गोळे होऊन रुळावर उड्या मारते. पॉइंटच्या हलत्या पातींजवळ गोंद नको, तिथे खडी अगदी विरळ ठेवा.

ऋतू आधी ठरवा. पातालपानी म्हटलं की पावसाळा, धबधबा भरलेला, साग मोठ्या पानांचा आणि वर मळकट पांढरे तुरे. मग सुकलेलं गवत आणि फुललेला पळस त्याच दृश्यात नको, पळस फेब्रुवारी–मार्चचा. हिरवळीसाठी गादीचा स्पंज ॲक्रिलिक रंगात भिजवून वाळवा आणि टाकाऊ मिक्सरमध्ये भरडा, दोन-तीन छटा वेगळ्या. रांगोळीचे रंग वापरू नका, गोंदाचं पाणी लागलं की रंग पसरतो आणि खडीही हिरवी होते. सागाचं झाड १२ मीटरचं धरलं तरी ते १३८ मि.मी. होतं, बाजारातली ६० मि.मी. ची झाडं मागच्या कड्यावर लावा, मोठी पुढे. धबधब्यासाठी पारदर्शक सिलिकॉन प्लास्टिकच्या कागदावर उभ्या धारांत ओढा, दिवसभर वाळू द्या, सोलून कड्याला चिकटवा आणि वर पांढऱ्याचा हलका हात. खालच्या डोहात इपॉक्सी रेझिन एका वेळी तीन मि.मी. पेक्षा जाड ओतू नका, तापून फोम वितळतो.

बोगदा उचलून काढता येईल असा करा, आत पॉइंट किंवा सांधा नको, आणि आतली भिंत लावण्याआधी सगळ्यात लांब डब्याला दोन्ही बाजूंना पेन्सिल बांधून वळणावरून ओढा. पेन्सिलच्या रेघेबाहेर आणखी पाच मि.मी. सोडा. उंची रुळाच्या माथ्यापासून ७० मि.मी. पुरते.

स्टेशन लहान ठेवा: एक लूप, एक फलाट, पिवळी पाटी, कलाकंद विकणारा एखादा माणूस. कालाकुंडच्या फलाटावर कलाकंद हवाच. आणि इंदूरच्या घरात हा विषय निवडलाय तर लेआउटच्या कडेला एक छोटी पाटी लावा, की ही लाइन यावी म्हणून तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० साली एक कोटी रुपयांचं कर्ज देऊ केलं होतं, आणि पातालपानी–कालाकुंड टप्प्यावर २०१८ पासून हेरिटेज गाडी धावते. घरी येणाऱ्यांना हे माहीत नसतं.

क्रम असा ठेवा: सांगाडा, पट्ट्या, रूळ, वीज, मग निदान आठवडाभर नुसती गाडी चालवणं, पुढे आणि मागे, डबे ढकलत सुद्धा. जिथे दोनदा पडली तिथे रंगाची टिकली लावा आणि ती जागा दुरुस्त होईपर्यंत फोमचा एक तुकडाही चिकटवू नका. बँकर मागे लावायची हौस असेल तर दोन्ही इंजिनं एकाच मॉडेलची घ्या आणि आधी सुटी, एकामागे एक फूटभर अंतर ठेवून फिरवा. एका फेरीत अंतर जवळपास तेवढंच राहिलं तरच मागून लावा, नाहीतर वेगवान इंजिन मधले डबे वळणावर बाहेर ढकलतं. तुमच्या इंजिनाचं वजन आणि मोटर एका बोगीला आहे की दोन्हींना एवढं सांगितलंत तर या चढावर नेमके किती डबे निघतील ते काढून देतो.